हॅमॉकमध्ये झोपावं का?

"डॉक्टर, स्टँडवरचा हॅमॉक घेऊ का? पाठ दुखेल?" असं बरेच पेशंट विचारतात. दुपारच्या डुलकीसाठी जरूर घ्या, असं मी सांगतो. जिनिव्हात २०११ साली १२ निरोगी पुरुषांवर प्रयोग झाला. हलक्या झोक्यावर त्यांना झोप लवकर लागली.

घेताना वजनाची मर्यादा पाहा. टोकांना दांडी असलेला हॅमॉक पटकन उलटतो. त्यापेक्षा रुंद, सैल कापडाचा बरा. आधी मध्यभागी बसा, मग पाय वर घ्या. तिरपं झोपा, म्हणजे पाठ कमानीसारखी वाकत नाही. कंबरदुखी किंवा चक्कर असेल तर रात्री पलंगच बरा.

तान्ह्या बाळाला मात्र त्यात झोपवूच नका. हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडतो, आणि बाळाला रडताही येत नाही.