दहापैकी दहा

शाळेत शुद्धलेखन झालं की बाई म्हणायच्या, "वह्या बदला." शेजाऱ्याची वही आपल्याकडे, आपली त्याच्याकडे. एका मिनिटात सगळा वर्ग मास्तर! मग ऱ्हस्व-दीर्घ कोण बघतो? मधल्या सुट्टीत कोणाच्या डब्यात काय आहे, त्यावर लाल गोल पडायचे किंवा पडायचे नाहीत. आता याला 'पीअर असेसमेंट' म्हणतात.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या दारव्ह्याचे एक सर. तिथल्याच एका कॉलेजात शिकवतात. मागच्या दिवाळीत फराळाला आले नि चकली मोडता मोडता म्हणाले, "बाबू, मी चौतीस रिपोर्ट तपासतो. पोट्टे मार्क पाहतात अन् कागद ठेवून देतात. कोणी कोणाचं वाचतच नाही. थे तुमच्या कॉम्प्युटरवर एकमेकाकडून तपासून घेता येते म्हणतात ना?"

येते ना. कॉलेजचं मूडल होतंच. मूडल म्हणजे २००२ साली ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी आणलेली फुकट, ओपन सोर्स कोर्स-प्रणाली. तिच्यात या कामासाठी 'वर्कशॉप' नावाचा प्रकार आहे. (इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला वर्कशॉप म्हणजे कानस घेऊन लोखंडाचा तुकडा घासत बसणे. हे त्यापेक्षा बरं.) त्याचे पाच टप्पे: मांडणी, सबमिशन, तपासणी, तपासणीची तपासणी आणि समाप्त. प्रत्येकाला दोन मार्क मिळतात, एक स्वतःच्या लिखाणाचा, दुसरा दुसऱ्याचं कसं तपासलं त्याचा. आपण हात लावला नाही तर ८० आणि २०.

हा २० मार्कांचा भाग मला फार आवडला होता. पण चालू करण्याआधी कागदावर आकडेमोड केली आणि थांबलो. तुम्ही नीट तपासलं की नाही, हे मूडल कसं ठरवतं? त्याला बिचाऱ्याला मराठी वाचता येत नाही. ते एका रिपोर्टवरच्या सगळ्या तपासण्यांची सरासरी काढतं, सरासरीच्या सगळ्यात जवळची तपासणी 'उत्तम' धरतं आणि बाकीच्यांना तिच्याशी ताडून मार्क देतं. आता समजा रिपोर्ट सुमार आहे. दोन मित्रांनी डोळे मिटून १० दिले, तिसरीने खरंच वाचून ४ दिले. सरासरी ८. दहावाले दोनने लांब, चारवाली चारने. म्हणजे न वाचणारे उत्तम आणि वाचणारीचे मार्क कापले!

सरांना हे दाखवलं तर ते हसले. "पोट्टे दहाच देतीन रे. अन् चार देणारी एकच आहे वर्गात, मला माहीत आहे कोण ते."

'ओपन एडएक्स'मध्ये, म्हणजे ज्यावर आयआयटी मुंबईचं 'आयआयटीबॉम्बेएक्स' उभं राहिलं त्यात, सरासरीऐवजी मध्यक घेतात. १०, १०, ४ चा मध्यक १०. तिथे त्या मुलीचं नुकसान होत नाही, पण तिचं कोणी ऐकतही नाही.

मग नावं लपवली तर? मूडलमध्ये परवानग्या बदलून तसं करता येतं. पण सरांचा विषय होता 'आपल्या गावातली एक गोष्ट, आकड्यांसकट'. कोणी पिण्याच्या पाण्यावर लिहिणार, कोणी बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेवर. 'आमच्या लाडखेडात' असं पहिल्याच ओळीत आलं की संपलं. वर्गात लाडखेडचे असून असून किती असणार?

बरं, अनोळखी असले तरी माणूस तो माणूसच. स्टॅनफर्डच्या स्कॉट क्लेमर यांनी २०१२ मध्ये कोर्सेरावर घेतलेल्या कोर्सवर चिन्मय कुलकर्णी आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा पेपर आहे. जगभरचे विद्यार्थी, एकमेकांना कधी न पाहिलेले, तरी आपल्याच देशातल्याला किंचित जास्त मार्क देत होते. (पहिल्या लेखकाचं नाव वाचून मलाही उगाच बरं वाटलं, म्हणजे बघा!)

शेवटी जे केलं ते अगदी साधं. मूडलमध्ये मार्क द्यायच्या पद्धती चार, त्यातली एक 'चुकांची संख्या'. तिच्यात मार्क मागायचेच नाहीत, फक्त आहे की नाही एवढं विचारायचं. सरांनी प्रश्न लिहून काढले. आकडा कुठून आणला ते लिहिलंय का? गावातल्या निदान एका माणसाशी बोलल्याचं दिसतं का? पहिल्या परिच्छेदात विषय कळतो का? आणि प्रत्येकाखाली एक चौकट: ते वाक्य इथे उतरवा. सातचे दहा करायला हात कचरत नाही, पण नसलेलं वाक्य उतरवणार कुठून?

प्रत्येकाला तीन रिपोर्ट. दोनच दिले तर दोन्ही तपासण्या सरासरीपासून सारख्याच अंतरावर, मग उत्तम कुठली? आपोआप वाटप करताना एक खूण असते, ज्याने स्वतः काही दिलं नाही त्यालाही तपासू द्यायचं का. मी म्हणणार होतो नको. सर म्हणाले, "कापूस वेचणीचे दिवस आहेत. ज्याचं लिहायचं राहिलं, त्याने वाचावं तरी." खूण केली. वीस मार्कांचं मात्र मूडलवर सोडलं नाही. जिथे तिघांचं जुळत नाही तेवढे रिपोर्ट सर स्वतः वाचणार आणि तपासणीचे मार्क हाताने बदलणार. ती सोय आहे.

डिसेंबरात सरांचा फोन आला. त्या मुलीने एका रिपोर्टला तीनपैकी दोन 'नाही' दिले होते आणि चौकटीत लिहिलं होतं, 'विहिरी बारा लिहिल्या, मोजल्या कोणी?' बाकी दोघांचे तिन्ही 'आहे', चौकटी कोऱ्या. सरांनी तिला वीसपैकी वीस दिले. ज्याचा रिपोर्ट होता तो पोरगा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मग रविवारी गावात फिरून विहिरी मोजून आला. नऊ भरल्या. पण तोवर वर्कशॉप 'समाप्त' टप्प्यात गेलं होतं, नवीन फाइल घेईना. सरांनी कागदावर घेतला.

पुढच्या सत्राला कच्चा आणि पक्का असे दोन वर्कशॉप लावायचे ठरलंय. तीन रिपोर्टचे दोनदा सहा होतात, तेवढं पोरं वाचतील का, यावर सरांचं नि माझं अजून एकमत नाही.