कमरेची जमा

सात रस्ता चौकात माझी दुचाकी घसरली, त्यास आता तीन वर्षे झाली. नडगीचे हाड मोडले, पट्टी व स्क्रू बसले. परंतु आठ महिने उलटूनही ते सांधेना. मध्ये राहिलेली फट भरण्यासाठी कमरेच्या हाडाच्या कडेचा मोठा तुकडा काढावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. प्राण्यांच्या हाडापासून केलेला भरावही मिळतो, हे आईच्या कानी आले होते. तिने प्रथम तोच प्रश्न विचारला. “यांचेच हाड घेऊ. त्यात जिवंत पेशी असतात आणि शरीर ते परके मानत नाही,” हे उत्तर ऐकून घरातील सर्वांचे मन निश्चिंत झाले. हाड जेथून काढायचे, त्या जागेविषयी मात्र आम्ही काहीच विचारले नाही.

शस्त्रक्रियेनंतर पायापेक्षा कंबरच अधिक दुखली. मांडीची बाहेरची बाजू बधिर झाली; तेथील त्वचेची नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून जाते, ती दुखावली होती. असे त्रास बऱ्याच जणांना होतात व बहुधा हळूहळू ओसरतात, असे समजले. म्हणूनच पुढचे लक्षणही मी क्षुल्लक मानले.

पाचव्या महिन्यात, दुकानात चादरींचा गठ्ठा सरकवताना व्रणापाशी फुगवटा जाणवला. आडवे झाले की तो जाई, खोकला आला की वर येई. “अहो, एकदा दाखवून तरी या,” असे पत्नी रोज म्हणे; मी दिवाळीचा हंगाम पुढे करी. एका रात्री पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या. हाड काढल्याने पडलेल्या खिंडीतून आतडे बाहेर येऊन अडकले होते. हर्नियाचा हा प्रकार दुर्मीळ आहे. उरलेले हाड मोडणे किंवा जवळची मोठी रक्तवाहिनी दुखावणे, हेही क्वचितच घडते. तातडीने शस्त्रक्रिया करून, जाळी बसवून खिंड बुजवली आणि आतडे वाचले. अधिक उशीर झाला असता तर त्याचा रक्तपुरवठा तुटला असता.

आपण व्यापारी माणसे. माल कोणाच्या नावे टाकला, तसाच तो कोणाकडून जमा झाला, हेही वहीत लिहितो. मी नडगीच्या नावे हाड मांडले. कमरेची जमा पाहिलीच नाही. आपल्या घरी कोणाची अशी शस्त्रक्रिया ठरली, तर हाड कोठून व किती घेणार आणि पुढे तेथे कशावर लक्ष ठेवायचे, हे आधीच विचारून घ्यावे. व्रणापाशी फुगवटा दिसला, तर हंगाम पाहू नये.

जय जिनेंद्र.