पाठीला डोळे

वाघ न दिसताच जिप्सी मोहर्लीच्या गेटाबाहेर आली, की गाईड ठेवणीतलं वाक्य काढतात : "तुम्हाला वाघ दिसला नसंल, पण वाघानं तुम्हाला नक्की पाह्यलं." पर्यटक हसतात आणि थोडे पैसे वसूल झाल्याच्या समाधानात रिसॉर्टकडे वळतात. ताडोब्याच्या बफरमधल्या बाईला मात्र याच वाक्यासोबत संसार करायचा असतो.

मोहफुलं पहाटे गळतात. वेचायची तर वाकावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला चौपायी सावज वाटू शकतं. म्हणून चार मुठी टोपलीत पडल्या की कंबर सरळ होते, मान मागं वळते, पलीकडच्या झाडाखालचीला हाक जाते : "कुठी हायेस वं?" उत्तर येतं, "इथंच हावो." मग पुन्हा वाकायचं. वाघ असेलच असं नाही. बहुतेक दिवशी नसतोच. पण तो आहे असं धरूनच पाऊल टाकायचं, हा तिथला रिवाज आहे. सुंदरबनात 1980च्या दशकात लोक डोक्यामागं माणसाचा मुखवटा बांधून जंगलात जात, कारण वाघ पाठीमागून येतो. मोहर्लीच्या बाईची पाठ मुखवट्याशिवायच डोळस झालेली असते.

या भीतीचं एक बरं आहे, ती एकटीची नसते. झाडावरचं वानर खाकरतं, चितळ कुकारतं, आणि सगळं रान सावध होतं. गाईड म्हणतात, "कॉल झाला." गोंडांच्या कथेतला तारू वाघाशी झुंजताना गेला, ताडोबा तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. वाघाच्या नजरेशी वागायचं कसं, याची कथा, देव आणि हाक असं सगळं या मुलखानं जमवून ठेवलंय.

दुसरी नजर अलीकडची आहे. पायवाटेच्या दोन बाजूंना, समोरासमोरच्या झाडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर मातकट हिरव्या डब्या पट्ट्यानं बांधलेल्या असतात. उबदार अंग समोरून हललं की फोटो निघतो. दोन बाजूंना दोन अशासाठी, की वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात आणि त्यांवरूनच त्याची ओळख पटते. 2018च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत असे कॅमेरे 26,838 ठिकाणी लागले, साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रं निघाली, गिनीज बुकात नोंद झाली. वाघ मोजायचे तर हे लागतंच. पण डबीला वाघ आणि सरपण आणणारी बाई यांत फरक करता येत नाही. दोघांचीही अंगं उबदारच.

केंब्रिजच्या एका संशोधकाचा कॉर्बेटच्या जंगलावरचा अभ्यास 2024मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बायका पूर्वी गात, मोठ्यानं बोलत लाकूड गोळा करायच्या. हत्ती-वाघांना माणसाची चाहूल लागावी हाही त्यामागचा हेतू. कॅमेरे आणि ड्रोन आल्यावर त्यांचा आवाज खाली गेला. आडोशाला बसलेल्या एका बाईचं छायाचित्र गावात फिरलं. कोण बघतंय, कुठं पोचवतंय, काहीच कळेना. तेव्हा गप्प राहणं शहाणपणाचं वाटू लागलं, आणि रानात गप्प राहणं जिवावर बेतू शकतं.

मला वाटतं, दोन नजरांतला फरक इथंच आहे. वाघ निघाला की सांगायला वानर असतं. झाडावरच्या डबीसाठी कुणी खाकरत नाही. म्हणून वाघाच्या धाकानं बायका एकमेकींना हाक मारतात, आणि डबीच्या धाकानं एकमेकींशीही बोलेनाशा होतात.

मोहर्लीजवळच्या सीतारामपेठला 2023मध्ये वेगळा प्रयोग झाला. गावाच्या कडेला कॅमेऱ्यांची 'आभासी भिंत' उभारली. कृत्रिम बुद्धिमत्तेनं वाघ ओळखायचा आणि तत्काळ इशारा द्यायचा. यंत्र तेच, पण त्याला काम दिलंय वानराचं. ते पाहतं वाघाला आणि सांगतं गावाला. गणनेच्या डब्यांनाही एवढी रीत लावणं अवघड नाही : कुठल्या वाटेवर, किती दिवस लागणार हे गावात आधी सांगावं, आणि माणसांची छायाचित्रं पुसून टाकावीत. वाघाकडून अशी अपेक्षा कुणी करत नाही. माणसाकडून करायला हरकत नसावी.