राहुरीची बादली

मित्रांनो, नगरहून मनमाडच्या रस्त्याला लागलं, की चाळीसेक किलोमीटरवर राहुरी येते. शिर्डीहून शनिशिंगणापूरला जाणाऱ्या कितीतरी गाड्या या गावातून जातात. पण चहा पिण्यापुरतं थांबायचं आणि पुढं निघायचं, एवढीच बहुतेकांची राहुरीशी ओळख! तुम्ही मात्र जरा थांबा. या गावानं मला एक साधी गोष्ट शिकवली आहे, ती तुम्हांलाही सांगायची आहे.

नगरकडून येताना गावाच्या आधीच महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा मोठा परिसर लागतो. हे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झालं. गावाला लागून मुळा नदी वाहते. ती येते थेट हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून. बारागाव नांदूरला तिच्यावर मातीचं धरण बांधलं आहे. त्याच्या जलाशयाचं नाव ज्ञानेश्वरसागर. धरणाची क्षमता २६ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर पाणी. आता २६ नी गुणाकार तुम्हीच करा! हे पाणी कालव्यांनी राहुरी, नेवासे, शेवगावकडच्या शेतांत जातं. म्हणून तर या मूळच्या कोरड्या मुलखात दोन्ही बाजूंना ऊस दिसतो.

माझे मामा याच तालुक्यात शेती करतात. दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांच्या सातवीतल्या नातीनं घरात काचेची पेटी ठेवून गप्पी आणि मोली मासे पाळले आहेत. आम्ही दोघं धरणावर फिरायला गेलो, तेव्हा तिनं पाण्याच्या कडेचे तीन छानसे दगड उचलले, पाणवनस्पतीच्या दोन काड्याही डब्यात घेतल्या. घरी आल्या आल्या ती ते सगळं पेटीत सोडणार, तोच ओसरीवरून मामा ओरडले, "थांब गं पोरी! आधी बादलीत."

"पण आजोबा, दगड तर स्वच्छ आहेत!"

"उद्या सकाळी सांग मला, किती स्वच्छ ते."

सकाळी बादलीत काय होतं म्हणता? चार बारक्या गोगलगायी, एक जळू, आणि चतुराची एक अळी. चतुर म्हणजे पाण्यावर भिरभिरणारा तो पातळ पंखांचा कीटक. त्याची अळी पाण्यात वाढते आणि माशांची पिल्लं मटकावते! नात बादलीकडे बघतच राहिली. पेटीत मोलीची कालपरवाच झालेली पिल्लं होती.

ती बादली पाहून मला माझ्या मावसभावाची आठवण झाली. तो अमेरिकेत असतो. त्यानं खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचं ठरवलं आणि कुणीतरी वापरलेले 'लाइव्ह रॉक' स्वस्तात विकत आणले. लाइव्ह रॉक म्हणजे 'जिवंत दगड'. दगड काही श्वास घेत नाही बरं का! तो बहुतेक वेळा जुन्या प्रवाळांचा सच्छिद्र सांगाडा असतो. पण त्याच्या भोकाभोकांत असंख्य जीवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो, तो माशांना विषारी. हे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. थोडक्यात, जिवंत दगड म्हणजे पेटीतलं सफाई खातं.

पण भाऊ घाईत होता. त्यानं दगड थेट पेटीत मांडले. काही दिवसांनी रात्री पेटीतून 'टक्... टक्' आवाज येऊ लागला. दगडाच्या बिळात मॅन्टिस श्रिंप नावाचा शिकारी लपला होता. याच्या पुढच्या पायांचा ठोसा इतका जबरदस्त, की शिंपलेसुद्धा फुटतात. भावाचे दोन मासे नाहीसे झाले. शिवाय दगडांवर एप्टेशिया उगवलं. दिसायला काचेच्या फुलासारखं, पण तो आहे डंख मारणारा प्राणी. भावानं चिमट्यानं त्याचे तुकडे करून काढले. झालं! मागं राहिलेल्या बारीक तुकड्यांतून नवे एप्टेशिया तयार झाले. एकाचे दहा झाले.

शेवटी वैतागून तो म्हणाला, "दगड उकळूनच काढतो." नशीब, एका जाणत्यानं त्याला वेळीच अडवलं. अशा दगडांवर कधीकधी झोॲन्थिड जातीचे जीव असतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. दगड उकळले तर ते वाफेबरोबर घरभर पसरतं. असं करून कुटुंबंच्या कुटुंबं इस्पितळात गेल्याची उदाहरणं आहेत. आणि समजा विष नसतं, तरी उकळल्यावर ते उपयोगी जीवाणूही मेलेच असते ना!

मग योग्य रीत कोणती? दगड आधी वेगळ्या टबात ठेवायचे. थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त खारट पाण्यात बुडवले, की लपलेले खेकडे, किडे बाहेर पळतात. मग दगड नेहमीच्या खाऱ्या पाण्यात, पाणी खेळतं ठेवून, चार-सहा आठवडे अंधारात ठेवायचे. नको असलेलं शेवाळ उजेडाविना मरतं, आणि जीवाणूंना तर उजेड लागतच नाही! रात्री विजेरी घेऊन कोण बाहेर येतंय ते पाहायचं. एप्टेशियासाठी बर्घिया नावाची चिमुकली समुद्री गोगलगाय सोडतात. ती एप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही.

ही सारी हकीकत ऐकून मामा हसले. म्हणाले, "अरे, ही तर आमची बेणेप्रक्रिया! चल रानात, दाखवतो."

रानात उसाच्या लागणीची तयारी चालली होती. लागणीसाठी उसाचे जे तुकडे करतात, त्यांना टिपरी म्हणतात. टिपरीवरच्या डोळ्यातून नवा कोंब फुटतो. पण दुसऱ्याच्या मळ्यातून बेणं आणलं, की त्याच्याबरोबर खवले कीड, पिठ्या ढेकूण आणि काणी रोगही फुकट येतात. म्हणून टिपरी थेट सरीत जात नाहीत. एका पिंपात १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक आणि सोबत कीटकनाशक मिसळलं होतं. त्यात टिपरी दहा-पंधरा मिनिटं बुडवायची. हातमोजे घातलेले गडी ते काम करत होते आणि आम्हांला मामांनी लांबच उभं केलं होतं. त्यानंतर दुसरं पिंप. त्यात अॅसिटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जीवाणू. त्यात अर्धा तास.

"आधी औषध, मग जीवाणू. उलटं केलं तर औषधानं जीवाणूच मरायचे," मामा म्हणाले.

विद्यापीठाची शिफारसही हीच आहे. मूलभूत बेण्याला तर ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त गरम हवेत अडीच तास ठेवतात. रोग जातो, पण डोळा जिवंत राहतो. सगळी खुबी त्या मापात आहे. उष्णता कमी पडली तर रोग राहतो, जास्त झाली तर ऊसच उगवत नाही.

बांधावर बसल्यावर मामांनी २००२ सालची आठवण सांगितली. त्या पावसाळ्यात सांगलीकडच्या उसावर लोकरी मावा दिसला. पानाच्या खाली कापूस पिंजून लावल्यासारखे पांढरे किडे! त्यांच्या चिकट गोड स्रावावर काळी बुरशी चढायची, अन् फड काळवंडून जायचे. पूर्वी ही कीड ईशान्य भारताकडची. पण पाहता पाहता ती आपल्या ऊसपट्ट्यात पसरली. वाऱ्याबरोबर तर आलीच, पण गुरांना चारा म्हणून गावोगाव नेलेल्या वाढ्यांवर बसूनही आली. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा.

"लोक म्हणायचे, आता ऊस संपला. फवारून फवारून दमलो. मग शास्त्रज्ञांनी सांगितलं, जरा दमानं घ्या, तिला खाणारे किडे जगू द्या."

ते होते डिफा आणि मायक्रोमस. त्यांच्या अळ्या लोकरी मावा फस्त करतात. त्या वाढवून शेतांत सोडल्या. ज्याच्या फडात त्या होत्या, त्यानं त्या असलेली पानं शेजाऱ्याला दिली. आणि लोकरी मावा आटोक्यात आला. गंमत पाहा, एका पानावर बसून शत्रू आला, आणि तशाच पानावर बसून मित्रही आला! फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी पान पाहून, पारखून नेलं होतं.

मित्रांनो, आपल्या देशात समुद्रातली प्रवाळं काढणं आणि विकणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा २००१ मध्ये समावेश झाला. तेव्हा समुद्रकाठी गेलात, तर तिथलं प्रवाळ तिथंच राहू द्या. पण घरी माशांची साधी पेटी असेल, तर नवा मासा, नवी वनस्पती किंवा कुणी दिलेला जुना दगड आधी वेगळ्या भांड्यात ठेवा. निदान दोन-तीन आठवडे. रोज बघा. आणि हो, नको झालेले मासे कधीही नदीत किंवा धरणात सोडू नका. पेटीतले सकर मासे असेच सुटून आपल्या देशातल्या कितीतरी पाण्यांत पसरले आहेत. नदीला कुठली आली बादली?

मी निघालो त्या दिवशी बादली ओसरीतच होती. गोगलगायी, जळू आणि चतुराची अळी नातीनं धरणाच्या कडेला, जिथून आणली तिथंच, नेऊन सोडली होती. दगड मात्र अजून बादलीतच होते.

"कधी घालणार पेटीत?" मी विचारलं.

"अजून सोळा दिवस आहेत, काका," ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं आणखी एक फुली मारली.