दुसरा प्रश्न

बंगळूरच्या बसवनगुडीत बी. पी. वाडिया आणि सोफिया वाडिया यांनी १९४५ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर स्थापन केली. त्याच वर्षी डी. व्ही. गुंडप्पांनी नामदार गोखल्यांच्या नावाने गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स काढली. दोन्हीकडे ग्रंथालय आहे आणि व्याख्यानंही होतात. पुस्तकं आणि माणसांचं बोलणं यांची फारकत करू नये, ही त्यामागची समज मला मोलाची वाटते. याच भागात ग्रंथपालाचं काम करताना माझी खात्री झाली आहे, की आमचं निम्मं कसब बोलण्यात आहे.

वर्गीकरण आणि तालिकीकरण आम्ही परीक्षेसाठी घोटतो. वाचकाशी कसं बोलायचं, हे मात्र देवघेवीच्या टेबलावर बसल्यावरच उमगतं. वाचकाला जे हवं असतं ते तो सहसा मागत नाही. इथे मिळेल असं त्याला वाटतं, ते मागतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली हे नेमकेपणाने मांडलं. मनातली धूसर गरज ग्रंथपालापर्यंत येईतो तडजोड केलेला प्रश्न होऊन बसते. त्या प्रश्नामागची मूळ गरज आपण शोधायची.

एक विद्यार्थिनी बंगळूरचा इतिहास मागायला आली. कपाटाकडे बोट दाखवलं असतं, तर एखादा जाडजूड ग्रंथ चाळून ती निघून गेली असती. ‘कोणत्या काळाबद्दल वाचायचंय?’ असं विचारल्यावर कळलं, की तिला शहाजीराजांच्या जहागिरीचा काळ हवा आहे. ‘आतापर्यंत काय वाचलंत?’ या दुसऱ्या प्रश्नाने उलगडा झाला. लढाया तिला ठाऊक होत्या. तिला दरबारातलं जगणं समजून घ्यायचं होतं. मग वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली प्रस्तावनेसह प्रसिद्ध केलेल्या, जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’चं नाव तिला सांगता आलं. ते तिने ऐकलंही नव्हतं, मग मागणार कसं?

या बोलण्याचीही शिस्त आहे. ‘का हवंय?’ विचारलं की वाचक बिचकतो; त्याचं कारण हा त्याचा खासगी मामला आहे. ‘कशा प्रकारची माहिती उपयोगी पडेल?’ म्हटलं की तो मोकळा होतो. उत्तराला वेळ द्यावा, मध्ये तोडू नये. जमेल तेव्हा कपाटापर्यंत सोबत जावं. शेवटी ‘हवं होतं ते मिळालं ना?’ हे विचारायचंच. बंगळूरात हे सगळं कन्नडमध्ये करता आलं पाहिजे. मोडकंतोडकं कन्नडही आजोबांना आणि शाळकरी मुलांना धीर देतं.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचं सूत्र ग्रंथालयाला वाढती संस्था मानतं. याच बंगळूरात १९६२ साली त्यांनी ग्रंथपालांच्या प्रशिक्षणासाठी डीआरटीसी हे केंद्र सुरू केलं. ग्रंथालय वाढायचं तर ग्रंथपालानेही वाढत राहायला हवं.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नांची वही ठेवा. आठवड्यातून एकदा ती सहकाऱ्यांसोबत उघडा आणि कुठे विचारायचं राहून गेलं ते बोला. संस्थाचालकांनी हा वेळ कामाच्या तासांतच द्यावा. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनी सत्कार जरूर करा, पण त्या दिवशी एक तास वाचकाशी बोलण्याच्या सरावालाही द्या.