घरची जुनी पिकअप आणि घरातले रुग्ण

कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात गाडीच्या रबरी नळ्यांवर लेख कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींना पडेल. पंढरपूर तालुक्यातील आमच्या करकंबसारख्या गावी राहणाऱ्यांना मात्र तो पडणार नाही. द्राक्षांच्या पेट्या, बेदाणा, उसाचे बेणे आणि खताची पोती वाहणारी पिकअपच येथे पुष्कळ घरांची रुग्णवाहिका असते. डायलिसिससाठी पंढरपूर, कर्करोगाच्या उपचारांसाठी बार्शी, हृदयाच्या तपासणीसाठी सोलापूर, असे फेरे ज्येष्ठ मंडळी याच गाडीतून करतात आणि ती गाडी बहुधा दहा-पंधरा वर्षांची असते. म्हणून गाडीच्या प्रकृतीची चौकशी मी आता रुग्णाच्या नातेवाइकांकडे करीत असते.

इंजिनची उष्णता वाहून नेणारे पाणी, म्हणजेच कूलंट, दोन जाड रबरी नळ्यांतून इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये फिरत असते. रेडिएटरच्या घट्ट झाकणामुळे आत दाब निर्माण होतो. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते; दाबाखालचे कूलंट मात्र सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता टिकते. गाडी चालते ती याच सोयीमुळे आणि माणसे भाजतात तीही यामुळेच. नळी फुटली किंवा झाकण उघडले की दाब नाहीसा होतो, आतले द्रव क्षणात उकळते आणि वाफेसह कारंज्यासारखे उसळते.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडून कधी ऐकू येते की, त्यांच्या जुन्या पिकअपमध्ये गिअरच्या तेलाच्या नळ्या बदलाव्या लागल्या. स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल दोन नळ्यांवाटे थंड होण्यासाठी रेडिएटरपर्यंत नेतात. बर्फावर टाकलेल्या मिठाने त्यांचा लोखंडी भाग गंजतो, रबरी भाग वयाने कडक होतो. तेल गळून गेले की गाडी जागची हलत नाही. आपल्याकडच्या जुन्या पिकअप बहुतेक हाताने गिअर टाकायच्या असल्याने त्यांत या नळ्या नसतात. पण तत्त्व एकच आहे. उष्णता वाहणारी नळी थकली की तिच्यावर अवलंबून असलेले सारेच अडते.

गेल्या काही वर्षांतील एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या एका मावशींना त्यांचा मुलगा भाड्याची जुनी पिकअप चालवून नेत असे. मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्यात वरची नळी क्लॅम्पजवळ चिरली आणि गाडी उकळली. आईला उशीर होतो या धास्तीने मुलाने पाणी ओतण्यासाठी झाकण फिरवले. हात कोपरापर्यंत भाजला. जवळच्या वस्तीवरच्या लोकांनी प्रेमापोटी टूथपेस्ट फासली. मावशी तोवर तापलेल्या केबिनमध्ये बसून होत्या. शेवटी शेजाऱ्याच्या जीपने त्या दोन तास उशिरा केंद्रावर पोहोचल्या.

मलमपट्टी करताना तो म्हणाला, "नळीला चिरा दिसत होत्या, बाई, पण बेदाण्याचे पैसे आले की बदलू, असं ठरवलं होतं." दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या स्वतःची तक्रार घेऊन नव्हे. "माझ्या सुईपायी पोराचा हात गेला असता. आता हे डायलिसिस बंदच करा," एवढेच त्यांचे म्हणणे. मी त्यांना सांगितले, "मावशी, हात भाजला तो जुन्या नळीने; तुमच्या आजाराने नव्हे. नळी बदलता येते. डायलिसिस सोडलं तर अंगात पाणी आणि पोटॅशियम साठून हृदय थांबू शकतं." त्यांनी डायलिसिस सोडले नाही. परंतु आपण घराला भार झालो, ही भावना ज्येष्ठांच्या मनात किती सहज घर करते आणि तिला एवढेसे निमित्तही कसे पुरते, हे त्या दिवशी दिसले.

म्हणून काळजीवाहकांना विनंती आहे की, उन्हाळा लागण्यापूर्वी गाडी पूर्ण थंड असताना बॉनेट उघडावे आणि दोन्ही नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. नळी फुगलेली, लिबलिबीत किंवा लाकडासारखी कडक लागली, टोकाशी चिरा दिसल्या अथवा क्लॅम्पभोवती वाळलेला पांढरा-हिरवा थर आढळला, तर ती बदलण्यास झालेली समजावी. एकच न बदलता दोन्ही नळ्या, त्यांचे क्लॅम्प आणि कूलंट एकत्र बदलून घ्यावे. झाकणाचे रबरही तपासावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी भरू नये. चहाच्या भांड्यात बसतो तसा क्षार रेडिएटरच्या बारीक मार्गांत बसतो. नव्या नळ्या बसवल्यावर आत अडकलेली हवा मेकॅनिककडून काढून घ्यावी, थोडे अंतर चालवून गाडी थंड होऊ द्यावी आणि कूलंटची पातळी पुन्हा पाहावी. रुग्णाला घेऊन लगेच लांबच्या प्रवासाला निघू नये.

हे काम घरी करणाऱ्यांनी आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि मूत्रपिंडाला अत्यंत घातक आहे. काढलेले कूलंट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे. दृष्टी मंदावलेले आजोबा किंवा खेळणारे नातवंड ते सरबत समजून पिऊ शकते. सुरुवातीला दारू प्यायल्यासारखी लक्षणे दिसतात आणि मूत्रपिंडाचे नुकसान पुढील एक-दोन दिवसांत उघड होते. त्यामुळे बरे वाटते म्हणून थांबू नये. उलटी करवू नये; बाटली सोबत घेऊन तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

रस्त्यात तापमानाचा काटा चढला तर गाडी सावलीत कडेला घेऊन बंद करावी. झाकणाला हात लावू नये. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. रुग्णाला केबिनमधून उतरवून झाडाखाली बसवावे, ओल्या कापडाने मान व हात पुसावेत. उतारवयात तहान कमी जाणवते आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी आणखी घटते, म्हणून इतर ज्येष्ठांना घोट-घोट पाणी द्यावे. डायलिसिसच्या रुग्णांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना ठरवून दिले तेवढेच पाणी द्यावे आणि शहाळ्याचे पाणी मुळीच देऊ नये. त्यात पोटॅशियम भरपूर असते. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, भोवळ आली किंवा धाप लागली तर १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून सुरू आहे.

कोणी भाजलेच तर अंगठी, कडे, बांगड्या लगेच काढाव्यात आणि भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापड सैलसर गुंडाळून डॉक्टरांकडे यावे. वाफ डोळ्यांत किंवा तोंडावर गेली असेल तर डोळे स्वच्छ पाण्याने धुवत रुग्णालयात जावे.

दोन रबरी नळ्या आणि चार क्लॅम्प यांचा खर्च डायलिसिसच्या फेऱ्यांपुढे फार नसतो. तरीही तो पुढे ढकलला जातो, कारण तो गाडीच्या खात्यात धरला जातो. माझी सूचना अशी आहे की, तो औषधांच्या खात्यात धरावा. रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर गोळ्यांच्या यादीखाली गाडीच्या नळ्या व कूलंट बदलल्याची तारीख लिहावी आणि पर्यायी गाडी देऊ शकणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे क्रमांकही तेथेच नोंदवावेत. फाइल तपासताना मी ते पान आवर्जून पाहते. मावशींच्या फाइलमध्ये आता ती तारीख आहे. त्यांच्या मुलाने ती लाल शाईने लिहिली आहे.