उत्तरायणानंतर कळवू

२०२४ ची दिवाळी होऊन आठवडा झाला होता, तेव्हा नवऱ्याला कॅनडातल्या विनिपेगहून नोकरीचं पत्र आलं. उत्तर द्यायला दोन महिने होते. "उत्तरायणानंतर कळवू," असं घरात ठरलं. बडोद्यात लग्नाच्या बोलण्यांपासून घराच्या रंगापर्यंत सगळंच उत्तरायणानंतर ठरतं, तसंच हेही.

त्या रात्री आम्ही मोबाइलवर दोन्ही गावांचं हवामान बघत बसलो. बडोद्यात दुपारचं तापमान बत्तीसच्या आसपास, तिथे उणे पाच. सासूबाई म्हणाल्या, "उणे म्हणजे फ्रिजसारखं?" नवरा म्हणाला, "आई, आत्ता फ्रिजसारखं. जानेवारीत फ्रीजरपेक्षाही थंड." त्यानंतर कोणीच काही बोललं नाही.

माझी मावसबहीण तिथे बरीच वर्षं राहते. तिला व्हिडिओ कॉल लावला. मी स्वेटर आणि शाल घेऊन बसले होते, कारण आपल्याकडे थंडीत घरही गारच असतं. ती मात्र अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट घालून! "अगं, घरात एकवीस डिग्री असतं," ती हसली. "थंडी दाराबाहेर. तिचे नियम पाळले की ती काही करत नाही." मग तिने नियम सांगितले. जाड एक कपडा घालण्यापेक्षा पातळ तीन घालायचे. कान आणि बोटं कधी उघडी ठेवायची नाहीत. वारा धरून उणे तीसच्या खाली गेलं, तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. रात्री गाडीच्या इंजिनाला विजेची वायर लावून ठेवायची, नाहीतर सकाळी ती सुरू होत नाही. हवा इतकी कोरडी की हातांना भेगा पडतात. डिसेंबरात सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि साडेचारला मावळतो, पण ऊन पुष्कळ दिवस स्वच्छ पडतं. "आणि जॅकेट तिथून आणू नकोस," तिने बजावलं. "तिथली इथे कामाची नाहीत."

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की थंडीचा हिशेब जमतो. पैसे लागतील, सवय लागेल, एवढंच. ज्याचा हिशेब जमत नव्हता, ते वहीत आलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी लेकीला घेऊन सयाजीबागेत गेले. जुनी माणसं अजून कमाटीबाग म्हणतात. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये ही बाग लोकांसाठी उघडली. आतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. तो बघितल्याशिवाय लेक बागेतून निघत नाही, मीही तिच्या वयाची असताना निघत नसे. मग आम्ही विश्वामित्रीच्या पुलावर थांबलो. खाली चिखलात मगर दिसते का हे बघणं हा बडोद्याच्या मुलांचा जुना खेळ. तिने विचारलं, "तिथल्या नदीत मगर असते?" म्हटलं, "नाही. तिथे दोन नद्या गावाच्या मधोमध मिळतात आणि हिवाळ्यात गोठतात. लोक त्यावर स्केटिंग करतात." ती म्हणाली, "म्हणजे नदीवर चालता येतं? आई, मग जाऊया ना!" नऊ वर्षांच्या मुलीचा निर्णय दोन मिनिटांत झाला.

माझा होत नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते. तिथे शिकवायचं तर त्या प्रांताचं प्रमाणपत्र मिळवावं लागेल, म्हणजे चाळिशीत पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहायचं. त्याहून मोठा प्रश्न सासूबाईंचा. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत. ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा समा भागातल्या आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. नवऱ्याने आणि शेजारच्या मुलांनी त्यांना खुर्चीवर बसवून वरच्या मजल्यावर नेलं. तीन दिवस वीज नव्हती. शहरात वस्त्यांमधून मगरी पकडून नेत होते. पुढच्या पावसाळ्यात खुर्ची उचलायला घरात कोण असेल?

विनिपेगलाही पूर येतो, हे मला तेव्हाच कळलं. तिथे पावसाऐवजी वसंतात वितळणाऱ्या बर्फाने नदी फुगते. १९५० मध्ये शहर बुडालं, तेव्हा त्यांनी नदीचं पाणी शहराला वळसा घालून नेणारा सत्तेचाळीस किलोमीटरचा कालवा खणला. १९६८ मध्ये तो पुरा झाला आणि १९९७ च्या मोठ्या पुरात त्याने शहर वाचवलं. नवऱ्याने हे वाचून दाखवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कालवा चांगलाच आहे. पण मी तिथे कुणाशी बोलू?"

आणि मग त्यांनी आनंदीबाई जोशींचा विषय काढला. "ती गेली ना अमेरिकेच्या थंडीने." मी म्हटलं, आई, ती क्षयाने गेली, आणि १८८३ सालची गोष्ट आज नाही. पण मनातून हलले होते. आनंदीबाई फिलाडेल्फियाला गेली तेव्हा अठरा वर्षांची होती. नऊवारीत कंबर आणि पोटऱ्या उघड्या पडत, गारठा लागे. शेवटी तिने गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. हे ऐकून सासूबाईंना एकदम हसू आलं. "म्हणजे आपल्या सासूबाईंसारखंच!"

माझ्या आजेसासूबाई स्वातंत्र्याच्या एक वर्ष आधी साताऱ्याहून लग्न होऊन बडोद्याला आल्या, दांडियाबाजारच्या वाड्यात. उकाड्याची तक्रार त्यांनी कधी केली नाही म्हणे. रडायच्या त्या बोलण्यावरून. भाजीवाली काय म्हणते ते कळायचं नाही. खंडेराव मार्केटमध्ये बोट दाखवून भाजी घ्यायच्या. वर्षभरात उजव्या खांद्यावर पदर घ्यायला लागल्या, भाजीला 'शाक' म्हणायला लागल्या. पण त्या टिकल्या कशामुळे? सासूबाईंचं उत्तर तयार होतं. "चैत्रातल्या हळदीकुंकवामुळे. गल्लीत तीस मराठी घरं होती."

हे ऐकल्यापासून मी बडोद्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आपणही इथे बाहेरूनच आलो. गायकवाडांच्या मागून कुणी अठराव्या शतकात आलं, कुणी नंतर नोकरीसाठी. खुद्द सयाजीराव नाशिककडच्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते. इथे मराठी टिकली ती नुसत्या घरातल्या बोलण्यावर नाही. तिच्यामागे दरबार होता, शाळा होत्या, ग्रंथालयं होती, गल्लीगल्लीत गणपती होते. २०१८ मध्ये एक्याण्णवावं साहित्य संमेलन इथेच झालं. एवढं सगळं असून माझी लेक सकाळी ओरडते, "आई, माझी चोपडी कुठे मूकली?" मग विनिपेगला, जिथे मागे दरबारही नाही आणि गल्लीही नाही, तिथे काय उरेल?

हाच प्रश्न मी मावसबहिणीला विचारला. तिने उगाच धीर दिला नाही. "आपोआप काही उरत नाही," ती म्हणाली. "बडोद्यात मराठी तुझ्या कानावर पडते. इथे ती कानावर पाडावी लागते. गणपतीला हॉल आपणच शोधायचा, मोदक आपणच करायचे, मुलांना गाडीत घालून आपणच न्यायचं. बाहेर उणे पंचवीस असताना संक्रांतीचं हळदीकुंकू असतं. कंटाळा केलास की संपलं."

उत्तरायणाला सकाळपासून गच्चीवर होतो. ऊन, तिळगूळ, चिक्की, उंधियो, आणि चारी बाजूंनी "ए काप्यो!" दुपारी नणंद आली. ती अलकापुरीत तिसऱ्या मजल्यावर राहते. फिरकी धरून उभ्या असलेल्या सासूबाईंना ती सरळ म्हणाली, "आई, पावसाळ्याचे चार महिने तू माझ्याकडे. बाकी तुझं घर तुला." सासूबाईंनी मांजा ढिला सोडत विचारलं, "आणि यांच्याकडे?" नवरा म्हणाला, "आईवडिलांसाठी तिथे सुपर व्हिसा असतो, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं." त्या म्हणाल्या, "पाच वर्षं नकोत. एक उन्हाळा येईन. आवडलं तर बर्फ बघेन."

त्या रात्री नवऱ्याने 'हो' कळवलं. तो एप्रिलमध्ये जाईल, आम्ही दोघी शाळा संपल्यावर जूनमध्ये. चूक की बरोबर, ते मला आज सांगता येणार नाही. पूर आला तर नणंदेच्या घरापर्यंतचा रस्ता उघडा असेल ना, ही धास्ती आहेच.

सामानाची यादी मात्र सासूबाईंनी केली. गोडा मसाला, पंचांग, हळदीकुंकवाची कोयरी आणि अंकलिपी. नऊ वर्षांच्या मुलीला अंकलिपी कशाला, म्हटलं. त्या म्हणाल्या, "तिच्यासाठी नाही. तिथे लहान मुलं असतील ना कुणाची?" आजी-नातीची वेळही ठरली आहे. हिवाळ्यात बडोद्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा विनिपेगला सकाळचे साडेआठ. दर शनिवारी नात आजीला एक पान मराठी वाचून दाखवणार. गेल्या शनिवारी तालीम झाली, शेजारच्या खोलीतून फोन लावून. 'क्ष'पाशी अडली, पण पान पुरं केलं.